हरायला शिकलेला पक्ष: मोंगोलियाच्या अभ्यासाविषयी एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा प्रबंधाचा आराखडा मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण आराखडा दोनदा नीट वाचल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते. साम्यवादी गटातल्या मांडलिक देशांचे लोकशाहीकडे झालेले स्थित्यंतर हा विषय घेतला की आपले विद्यार्थी बहुधा पोलंड, हंगेरी किंवा चेकोस्लोव्हाकियाकडे वळतात, कारण त्यांच्याविषयी वाचायला भरपूर मिळते. ती मळलेली वाट सोडून तू मोंगोलिया निवडलास याचे मला फार समाधान वाटले. पंधरा लाख चौरस किलोमीटरांहून मोठा प्रदेश, त्यात १९९० साली जेमतेम एकवीस लाख माणसे, उत्तरेला सोव्हिएत संघ आणि बाकी तिन्ही दिशांना चीन. अशा देशात गोळी न झाडता एकपक्षीय राजवट बाजूला झाली, हे आपल्याकडच्या पुष्कळ जाणत्या लोकांनाही ठाऊक नसते.

आराखड्यात तू १० डिसेंबर १९८९ ते १२ फेब्रुवारी १९९२, म्हणजे राजधानी उलानबातरमधल्या पहिल्या उघड निदर्शनापासून नवे संविधान अमलात येईपर्यंतचा कालखंड घेतला आहेस. कालखंड सुबक आहे, पण माझे पहिले म्हणणे हेच की त्याची दोन्ही टोके तुला बदलावी लागतील. सुरुवात किमान पन्नास वर्षे मागे न्यावी लागेल आणि शेवट ३० जून १९९६ च्या निवडणुकीपलीकडे. तुझ्या आराखड्यात चौक आहे, घोषणा आहेत, तरुण नेते आहेत आणि संविधान आहे. पंचाहत्तर वर्षे सत्तेत राहिलेला मोंगोल जनक्रांतिकारी पक्ष निवडणूक हरला आणि त्याने कारभार मुकाट्याने दुसऱ्यांच्या हाती दिला, ही गोष्ट मात्र त्यात नाही. माझ्या मते या सगळ्या स्थित्यंतरात सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी अभ्यासली गेलेली घटना तीच आहे.

आधी सुरुवातीविषयी. ‘मांडलिक’ हा शब्द तू पहिल्याच पानावर वापरला आहेस आणि पुढे त्याची फोड केलेली नाहीस. आमच्या पिढीला सोव्हिएत जगाची ओळख मॉस्कोहून मराठीत छापून येणाऱ्या स्वस्त, उत्तम बांधणीच्या पुस्तकांतून झाली. त्या जगात मोंगोलियाचे स्थान ठरलेले होते: सरंजामशाहीतून भांडवलशाही ओलांडून थेट समाजवादात पोहोचलेला सुखी देश. मी स्वतः विद्यार्थिदशेत ते खरे मानले होते. पुढे वाचत गेलो तसे दिसले की त्या चित्रातला काही भाग खराही होता. शाळा उघडल्या होत्या, दवाखाने उभे राहिले होते, जवळपास सारी जनता साक्षर झाली होती आणि १९८१ साली गुर्रागचा नावाचा एक मोंगोल अंतराळवीर सोव्हिएत यानातून अवकाशात जाऊन आला होता. मांडलिकत्व म्हणजे केवळ बुटाखाली चिरडलेले राष्ट्र, अशी कल्पना करून अभ्यासाला लागलीस तर १९९० साली मतदारांनी जुन्याच पक्षाला का निवडून दिले, याचे उत्तर तुला कधीच मिळणार नाही.

पण त्या साक्षरतेची दुसरी बाजूही पहिल्याच प्रकरणात आली पाहिजे. १९२१ साली लाल सैन्याच्या मदतीने क्रांती झाली, १९२४ मध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले, आणि पुढच्या दशकात स्टालिनने मठ मोडून काढण्याचा आग्रह धरला. तेव्हा पंतप्रधान असलेल्या पेल्जिदिन गेंदेन यांनी त्याला टाळाटाळ केली, प्रसंगी तोंडावर विरोधही केला. त्यांना पदावरून दूर करून सोव्हिएत संघात नेण्यात आले आणि २६ नोव्हेंबर १९३७ रोजी मॉस्कोत गोळी घालण्यात आली. त्याच सुमारास स्टालिनचा तिथला विश्वासू नेता चोयबाल्सान याच्या हाताखाली जे शिरकाण सुरू झाले त्यात सुमारे तीस हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज आहे. मोंगोलियाची लोकसंख्या तेव्हा सात-आठ लाखांच्या घरात होती, हे लक्षात घेऊन तो आकडा वाच. मृतांमध्ये सर्वाधिक संख्या बौद्ध भिक्षूंची होती, आणि सातशेहून अधिक मठ उद्ध्वस्त झाले. गेंदेन यांच्या मुलीने पुढे, लोकशाही आल्यावर, उलानबातरमधल्या त्यांच्या लाकडी घरात या बळींचे संग्रहालय उभे केले. तुझ्या प्रबंधाची सुरुवात त्या घरापासून व्हावी असे मला वाटते, कारण १९९० साली चौकात उतरलेल्या मुलामुलींच्या घरांतही अशा न बोललेल्या आठवणी होत्या.

आणखी एक घटना सोडू नकोस. २० ऑक्टोबर १९४५ रोजी मोंगोलियात स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत झाले. मत गुप्त नव्हते, नावापुढे सही करायची होती; अधिकृत निकालात विरोधी मत एकही निघाले नाही. शंभर टक्के हा आकडा वाचून कुणालाही हसू येईल, पण इथे जरा थांब. मतदानाची पद्धत खोटी होती, तरी चीनपासून वेगळे राहण्याची इच्छा खोटी नव्हती, आणि पुढच्याच वर्षी चीनला त्या निकालाच्या आधारे मोंगोलियाचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. मोंगोलियाचा पेच असा होता की ज्याने गळा आवळला होता त्याच्याच हातात ढालही होती. पूर्व युरोपातल्या देशांना सोव्हिएत सैन्य गेले की सुटलो असे वाटत होते. मोंगोलियात मात्र ते गेल्यावर दक्षिणेकडच्या सीमेचे काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता. हा फरक तू नीट मांडलास तर तुझा प्रबंध युरोपच्या इतिहासाची नक्कल होणार नाही.

मांडलिकत्व रोजच्या कारभारात कसे दिसते, याचे एकच उदाहरण देतो. यूमजागीन त्सेदेनबाल हे अनेक दशके देशाचे सर्वोच्च नेते होते. ऑगस्ट १९८४ मध्ये ते मॉस्कोत असताना उलानबातरमध्ये पक्षाची बैठक झाली आणि प्रकृतीचे कारण देऊन त्यांना निवृत्त करण्यात आले. त्यांच्या जागी जांबिन बातमुंख आले आणि त्सेदेनबाल अखेरपर्यंत मॉस्कोतच राहिले. दुसऱ्या देशाच्या राजधानीत असताना आपल्या देशाचा प्रमुख बदलतो आणि त्याबद्दल रस्त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, ही १९८४ ची स्थिती. तिथपासून पाच वर्षांत काय बदलले, हा तुझ्या दुसऱ्या प्रकरणाचा प्रश्न असू दे.

उत्तराचा मोठा भाग मॉस्कोतच आहे, हे मान्य करायला संकोच करू नकोस. जुलै १९८६ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी व्लादिवोस्तोकच्या भाषणात मोंगोलियातून सैन्य कमी करण्याचा उल्लेख केला, १९८७ पासून तुकड्या परतू लागल्या, आणि सोव्हिएत विद्यापीठांत शिकायला गेलेली मोंगोल मुले तिथली मोकळी झालेली वर्तमानपत्रे वाचून घरी परतू लागली. त्साखियागीन एल्बेगदोर्ज युक्रेनमधल्या ल्विव्हच्या लष्करी संस्थेत पत्रकारिता शिकून आले होते. संजासुरेनगीन झोरिग मॉस्कोत तत्त्वज्ञान शिकले होते आणि उलानबातरच्या विद्यापीठात ‘शास्त्रीय साम्यवाद’ हाच विषय शिकवत होते. राजवटीने ज्यांना आपले वारस म्हणून घडवले होते, त्यांनीच तिच्याकडे हिशेब मागितला.

१० डिसेंबर १९८९, मानवी हक्क दिन. युवा सांस्कृतिक केंद्रासमोर सुमारे दोनशे माणसे जमली, एक रॉक बँड वाजवत होता, आणि एल्बेगदोर्ज यांनी मोंगोल लोकशाही संघ स्थापन झाल्याचे जाहीर केले. जानेवारीत गर्दी हजारांत गेली. उलानबातरचा जानेवारी म्हणजे उणे तीस अंश. बोलताना श्वासाची वाफ पापण्यांवर गोठते अशी थंडी. लोक सुखबातर चौकात पारंपरिक झगे घालून उभे राहिले, आणि काही फलकांवर जुन्या उभ्या मोंगोल लिपीतली अक्षरे होती, जी चाळिशीच्या दशकात सिरिलिक लिपीने हटवली होती. फेब्रुवारीत राष्ट्रीय ग्रंथालयासमोरचा स्टालिनचा पुतळा उतरवण्यात आला. ७ मार्च १९९० रोजी लोकशाही संघाचे दहा जण त्याच चौकात उपोषणाला बसले, आणि दोन दिवसांनी, ९ मार्चला, बातमुंख यांनी पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या, राजीनाम्याची घोषणा केली.

त्या दिवसांतले एक छायाचित्र तू पाहिले असशीलच. दाट गर्दीच्या वर, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेला झोरिग, हातात ध्वनिवर्धक. पुष्कळ जण ते छायाचित्र चेतवणाऱ्या नेत्याचे म्हणून छापतात. प्रत्यक्षात तो जमावाला शांत राहायला सांगत होता. तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. या छायाचित्रावर तुला तीन पाने लिहावी लागली तरी लिही. आधीच्याच जूनमध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात निदर्शकांवर गोळीबार झाला होता हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि रुमानियाच्या राजधानीतला, बुखारेस्टमधला, गोळीबारही ताजा होता. एक दगड, एक फुटलेली काच पुरेशी झाली असती.

मात्र या प्रकरणात मला तुझ्याकडून बातमुंख यांच्याविषयी अधिक अपेक्षा आहे. तुझ्या आराखड्यात त्यांना दीड ओळ मिळाली आहे. निदर्शने बळाने मोडून काढण्याचा आदेश त्यांच्यापुढे सहीसाठी आला आणि त्यांनी सही केली नाही, असे त्यांच्या पत्नीने पुढे सांगितले. आपण मोंगोल मुळातच मोजके, एकमेकांच्या नाकातून रक्त काढण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही, अशा आशयाचे ते बोलले आणि उठून गेले. ही आठवण एका बाजूची आहे, तिची शहानिशा कर. पण सही झाली नाही हे तर इतिहासाने पाहिले आहे. जिंकणाऱ्यांचे चरित्र लिहायला माणसे मिळतात. ज्याच्या हातात सैन्य होते आणि ज्याने ते वापरले नाही, त्याच्याकडे अभ्यासकाने स्वतःहून जावे लागते.

याच हिवाळ्यात भारताचा एक धागा या कथेत येतो आणि तो तुझ्या आराखड्यात नाही. लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे १९९० च्या सुरुवातीला भारताचे राजदूत म्हणून उलानबातरला पोहोचले आणि पुढे दहा वर्षे तिथेच होते. सोव्हिएत गटाबाहेरून मोंगोलियाशी सर्वप्रथम राजनैतिक संबंध जोडणारा देश भारत, ती १९५५ सालची गोष्ट. पण राजदूत म्हणून एक बौद्ध भिक्षू पाठवणे, तेही ज्या देशात भिक्षूंना गोळ्या घातल्या गेल्या होत्या तिथे, याचा परिणाम कागदोपत्री शिष्टाचारापलीकडचा होता. आंदोलनातले तरुण त्यांना भेटले आणि त्यांनी अहिंसेचा आग्रह धरला, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी उलानबातरमध्ये मठ उभारला. या धाग्याला अवाजवी महत्त्व देऊ नकोस; आंदोलन मोंगोल लोकांचेच होते. पण एक स्वतंत्र टिपण त्यावर जरूर कर.

आता १९९० च्या जुलैकडे. पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत जुन्या मोंगोल जनक्रांतिकारी पक्षाने ४३० जागांच्या महाखुरलात, म्हणजे मोठ्या संसदेत, साडेतीनशेहून अधिक जागा जिंकल्या. तू याला ‘आंदोलनाचा पराभव’ असे म्हटले आहेस. मी असे म्हणणार नाही. विरोधकांकडे गाड्या नव्हत्या, पेट्रोल नव्हते आणि राजधानीबाहेर माणसे नव्हती. पशुपालकांच्या गेरपर्यंत, म्हणजे त्यांच्या गोल तंबूंपर्यंत, पोहोचलेली संघटना फक्त जुन्या पक्षाची होती. खरे महत्त्वाचे घडले ते पन्नास सदस्यांच्या लघुखुरलात, म्हणजे छोट्या कायदेमंडळात, जिथे जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या गेल्या. तिथे सत्ताधाऱ्यांना ३१ जागा मिळाल्या आणि विरोधक पहिल्यांदाच मोजण्याइतके झाले. पाशवी बहुमत हाती असूनही पक्षाने उपराष्ट्राध्यक्षपद सामाजिक लोकशाहीवादी पक्षाचे गणितज्ज्ञ गोंचिगदोर्ज यांना दिले, तेच लघुखुरलाचे अध्यक्ष झाले, आणि मंत्रिमंडळातही विरोधकांना घेतले. भीती असेल, शहाणपण असेल, येणाऱ्या आर्थिक संकटाचा दोष वाटून घेण्याचा हिशेबही असेल. हेतू शोधत बसण्यापेक्षा परिणाम पाहा: संविधानाचा मसुदा ज्या टेबलावर तयार झाला तिथे दोन्ही बाजू बसल्या होत्या.

ते संविधान १३ जानेवारी १९९२ रोजी संमत झाले. कायदेपंडित चिमिद यांना त्याचे जनक मानतात. ७६ सदस्यांचे एकच सभागृह, थेट निवडून येणारा पण मर्यादित अधिकारांचा राष्ट्राध्यक्ष, सरकार मात्र संसदेला जबाबदार. देशाच्या नावातून ‘जनप्रजासत्ताक’ गेले आणि ध्वजावरचा तारा उतरला. याच्या कलमांचे वर्णन तू छान केले आहेस, त्यात मी हात घालत नाही. एकच विचारतो. मध्य आशियातल्या शेजारी प्रजासत्ताकांनीही त्याच काळात सुंदर संविधाने लिहिली आणि बहुतेक ठिकाणी तीच माणसे दशकानुदशके राज्य करत राहिली. मग मोंगोलियात वेगळे का झाले? सर्व अधिकार एकाच राष्ट्राध्यक्षाकडे न देणे हे एक कारण मला पटते. पण ते पुरेसे वाटत नाही, आणि म्हणूनच मी तुला १९९२ च्या पुढे ढकलतो आहे.

जून १९९२ च्या निवडणुकीत जुन्या पक्षाला सुमारे ५७ टक्के मते मिळाली आणि ७६ पैकी ७० जागा. चाळीस टक्क्यांहून अधिक मते विरुद्ध पडूनही विरोधी बाकांवर अर्धा डझन माणसे! बहिष्कार घालायला, पुन्हा चौकात बसायला याहून चांगले निमित्त कोणते? विरोधकांनी त्याच वर्षी चार पक्ष एकत्र करून राष्ट्रीय लोकशाही पक्ष बांधला. पुढच्या वर्षी सत्ताधारी पक्षाने विद्यमान राष्ट्राध्यक्ष ओचिरबात यांना उमेदवारी नाकारली, तेव्हा विरोधकांनी त्यांनाच आपला उमेदवार केले आणि ते थेट निवडणुकीत जिंकले. ज्या पक्षाने त्यांना त्या पदावर बसवले होते, त्याच पक्षाच्या विरोधात. तुझ्या आराखड्यात हे सारे ‘संविधानोत्तर घडामोडी’ या एका ओळीत गेले आहे. मला त्याचे एक पूर्ण प्रकरण हवे आहे.

मग ३० जून १९९६ आला. दोन विरोधी पक्षांच्या आघाडीने ‘मतदारांशी करार’ नावाचे साधे पत्रक गावोगाव वाटले आणि ७६ पैकी ५० जागा जिंकल्या. जुन्या पक्षाच्या वाट्याला २५ आल्या. १९२१ पासून ज्यांच्या हातात सैन्य, पोलीस, खाणी, शाळा आणि तुरुंग होते त्यांनी निकाल मान्य केला आणि एंखसायखान पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी त्या पराभूत पक्षाचे बागाबांदी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आघाडीने चार वर्षांत चार पंतप्रधान बदलले आणि २००० साली जुना पक्ष ७६ पैकी ७२ जागा घेऊन परतला. हे आकडे तू तक्ता म्हणून देऊ नकोस. १९९७ आणि २००० च्या निकालांनी त्या पक्षातल्या हजारो कार्यकर्त्यांना जो अनुभव दिला तो शोध: निवडणूक हरल्यावर कुणी तुरुंगात जात नाही, घर जात नाही, मुलांची नोकरी जात नाही, आणि चार वर्षांनी परत येता येते. ज्यांच्या आजोबांच्या काळात पद जाणे म्हणजे जीव जाणे होते, त्यांना हे कळायला वेळ लागणारच. माझ्या समजुतीप्रमाणे मोंगोलियाची लोकशाही त्या चार वर्षांत रुजली, आणि हेच तुझ्या प्रबंधाचे मुख्य विधान व्हावे अशी माझी इच्छा आहे. तुला ते पुराव्याने खोडता आले तर त्याहून उत्तम.

आता जो भाग तू तळटीपेत घातला आहेस त्याविषयी मला जरा कळकळीने लिहायचे आहे. सोव्हिएत मदत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांश होती आणि १९९१ मध्ये ती थांबली. इंधन नाही, सुटे भाग नाहीत, कारखाने बंद, राजधानीत रेशनवर ब्रेड. १९९२ मध्ये भाववाढ तीनशे टक्क्यांच्या वर गेली. सरकारने सार्वजनिक मालमत्ता वाटण्यासाठी प्रत्येक नागरिकाला दहा हजार तुग्रिकांची (तुग्रिक हे तिथले चलन) कुपने दिली, गुलाबी लहान मालमत्तांसाठी आणि निळी मोठ्या कारखान्यांसाठी. शेअर बाजार उघडला तो मुलांच्या एका जुन्या सिनेमागृहात. त्या इमारतीत, जिथे काही वर्षांपूर्वी पोरे चित्रपट पाहत होती, तिथे आयुष्यात कधी समभाग न पाहिलेला पशुपालक आपले निळे कुपन घेऊन उभा आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आण. कित्येकांनी ती कुपने पडेल त्या भावाने विकून टाकली, कारण घरी पीठ नव्हते.

नोकऱ्या गेलेली कुटुंबे गुरांकडे परतली. १९९० मध्ये सुमारे अडीच कोटी असलेली जनावरे १९९९ पर्यंत तीन कोटी तीस लाखांच्या वर गेली. त्याच वेळी सहकारी पशुपालन संस्था मोडल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर चाऱ्याचे साठे, विहिरींची देखभाल आणि सरकारी पशुवैद्यही गेले होते. मग १९९९ पासून लागोपाठ तीन हिवाळे ‘झुद’ आला. उन्हाळ्यात दुष्काळ आणि नंतर बर्फाचा असा कडक थर की जनावराला खुराने गवत उकरता येत नाही, याला तिथे झुद म्हणतात. एक कोटीहून अधिक जनावरे मेली. कळप गमावलेली कुटुंबे आपला गेर उलगडून राजधानीच्या टेकड्यांवर येऊन राहिली आणि आजही त्या वस्त्यांच्या चुलींचा धूर उलानबातरवर साचतो. नव्वदच्या दशकात त्याच शहरातली बेघर मुले हिवाळ्यात रस्त्याखालच्या गरम पाण्याच्या नळांशेजारी झोपत असत. मते मोजून जे मिळाले त्याची किंमत कुणी मोजली, हे न सांगता लोकशाहीची कथा सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आणि त्यातले सुरुवातीचे हाल सोसूनही त्या लोकांनी नव्वद टक्क्यांच्या घरात मतदान करून १९९६ मध्ये सरकार बदलले, यातला अर्थ तुला शोधायचा आहे.

झोरिगविषयी थोडक्यात लिहितो, कारण लिहिताना आजही जड जाते. २ ऑक्टोबर १९९८ रोजी, पंतप्रधानपदासाठी त्याचे नाव पुढे येत असताना, त्याच्या घरात त्याला भोसकून मारण्यात आले. तो छत्तीस वर्षांचा होता. कित्येक वर्षांनी काही जणांना बंद दरवाजाआड चाललेल्या खटल्यात शिक्षा झाल्या आणि नंतर त्यांच्यातल्या काहींचा तुरुंगात छळ झाल्याचे उघड झाले. यातून ठाम निष्कर्ष काढू नकोस, नावे घेऊ नकोस. जे सिद्ध झाले तेवढेच लिही. त्याची बहीण ओयुन, जी भूवैज्ञानिक होती, त्याच्या मागे राजकारणात आली आणि तिने पक्ष उभा केला, हे मात्र लिही.

अलीकडच्या काळासाठी एक सावधगिरी. जागतिक क्रमवारीतल्या गुणांवरून हा देश यशस्वी की अयशस्वी असा निकाल देऊ नकोस. जुलै २००८ मध्ये निवडणुकीच्या निकालावरून दंगल झाली, पाच माणसे मेली आणि जुन्या पक्षाची कचेरी जळली. डिसेंबर २०२२ मध्ये कोळसा चोरीच्या प्रकरणावरून लोक गोठवणाऱ्या थंडीत पुन्हा सुखबातर चौकात उभे राहिले. ३ जून २०२५ रोजी, पंतप्रधानांच्या कुटुंबाच्या उधळपट्टीवरून तरुणांनी काही आठवडे निदर्शने केल्यावर, ओयुन-एर्देने यांना संसदेत विश्वासमत मिळाले नाही आणि ते पायउतार झाले. तांबे आणि कोळसा यांचा पैसा आल्यापासून दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतले आहेत, ही तक्रार तिथे सर्रास ऐकू येते आणि ती खरी आहे. पण तक्रार घेऊन लोक त्याच चौकात येतात आणि पंतप्रधान संसदेतल्या मतमोजणीने जातो, ही सवयही तितकीच खरी आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात मावतील अशी भाषा तुला शोधावी लागेल.

शेवटी अभ्यासाच्या तयारीबद्दल. सिरिलिक लिपी आजच शिकायला घे. पंधरा दिवसांत वाचता येईल, भाषा मागाहून येईल, आणि १९९० ची मोंगोल वर्तमानपत्रे इंग्रजी सारांशांच्या आधाराने वाचण्याची वेळ तुझ्यावर येणार नाही. केंब्रिज विद्यापीठाने सामान्य मोंगोल माणसांच्या शेकडो मुलाखती जमवल्या आहेत, त्यांतल्या पशुपालकांच्या आणि पक्षाच्या गावपातळीवरच्या चिटणिसांच्या मुलाखती आधी वाच, नेत्यांच्या नंतर. माणसांची नावे लिहिताना घाई करू नकोस. तिथे पहिले नाव वडिलांचे असते आणि माणूस ओळखला जातो दुसऱ्या नावाने. साम्यवादी काळात कुळाची नावे बंद झाली होती. ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परत घ्यायला सांगितली, तेव्हा अनेकांना आपले कूळच आठवत नव्हते. फार लोकांनी चंगीझ खानाचे कूळ घेतले. अंतराळवीर गुर्रागचा यांनी ‘सन्सार’, म्हणजे अवकाश, हे नाव घेतले. हा तपशील तुझ्या पहिल्या प्रकरणात गेंदेन यांच्या घराशेजारी शोभेल.

सुधारलेला आराखडा दिवाळीपूर्वी पाठव. मुलाखतींची प्रश्नावली करशील तेव्हा ‘१९९० मध्ये तुम्ही चौकात होतात का’ हा प्रश्न खाली ने. जुन्या पक्षाच्या कुणा वयस्कर कार्यकर्त्याशी बोलायची संधी मिळाली तर पहिल्यांदा १ जुलै १९९६ च्या सकाळविषयी विचार: निकाल कळल्यावर जिल्ह्याच्या कचेरीत कोण आले, कोण आले नाही, नवी माणसे कधी येऊन पोहोचली, आणि कपाटांच्या किल्ल्या कुणी कुणाच्या हातात दिल्या.

तुझे सर